कुणीतरी पाजा गं हिला

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. उलट या सदरातले अनुभव वाचून खाली खवचट कमेंट टाकणाऱ्यातली आहे. एका ताईंना स्वयंपाकघरात कुणीतरी उभं असल्याचा भास व्हायचा, तर मी त्यांना लिहिलं होतं — "बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या." त्या ताई हे वाचत असतील तर मनापासून सॉरी.

मी लोणावळ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मशीन जो आकडा देईल तो खरा, बाकी सगळी बोलाचीच कढी... असा माझा स्वभाव. नवरा नीलेश तळेगावच्या कंपनीत शिफ्टला. आमची मुलगी ओवी तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. तिचा पहिला शब्द "आई". त्याचा व्हिडिओ माझ्याकडे आहे, एकोणीस सेकंदांचा.

एक दिवस ओवी ओणवी होऊन स्वतःच्याच पायांमधून मागे बघायला लागली. शेजारच्या काकू हसल्या, "पाठीवर भावंड येतंय हं स्वाती!" मी म्हटलं, काकू, पोरगी खेळतेय नुसती. पुढच्याच महिन्यात किटवर दोन रेघा आल्या. काकूंनी ते वर्षभर सगळ्या बिल्डिंगला सांगितलं.

पण माझं हिमोग्लोबिन नऊच्या खाली गेलं, आणि ओवीच्या आधी माझं एक मिसकॅरेज झालेलं होतं. पाचव्या महिन्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आता मोठीचं पाजणं तोडा. तुमच्या अंगात काही उरू द्या." बोलायला काय जातं? ओवीला जनावराचं दूध चालत नाही. चमचाभर खीर पोटात गेली तरी अर्ध्या तासात अंगावर गांधी उठतात. त्यामुळे तिचा सगळा जीव माझ्यावरच. मी कडुलिंबाचा पाला वाटून छातीला लावला... पोरीने स्वतःच्या फ्रॉकने पुसला आणि प्यायली. काजळ फासलं, तर "बाऊ झाला" म्हणून तिथे पापी दिली. हसू की रडू, काही कळेना.

शेवटी माझी आई म्हणाली, "आण हिकडं तिला. आठ दिस तू डोळ्याआड झालीस की आपसूक इसरंल." आईला आम्ही सगळे अक्का म्हणतो. ती पवनानगरच्या पुढे धरणाच्या काठावर एका वाडीत राहते. वाडीचं नाव लिहीत नाही, माणसं राहतात तिथे. घर जुनंपुराणं बिलकुल नाही हं, माझ्या लग्नाच्या वर्षी बांधलेलं स्लॅबचं आहे. पुढे पत्र्याची पडवी, आणि मागे एक खोली, तिच्यात इंद्रायणीची पोती असतात. तिला आम्ही भाताची खोली म्हणतो.

एप्रिल होता. भर दुपारी पोचलो. ऊन, उलट्या, जीपमधले धक्के... आणि ओवी ब्लाउजला लोंबकळून. भाताच्या खोलीत गोधडीवर तिला निजवायला गेले तर ती कडकडून चावली. मी तिला एक चापट मारली. पहिल्यांदाच मारली. आणि ओरडले, "कुणीतरी पाजा गं हिला! कुणीही पाजा, पण माझी सुटका करा एकदाची!"

अक्का दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. "असं बोलू नगं, बाई. घर तथास्तु म्हणत आसतं."

"म्हणू दे," मी म्हटलं. आणि चारच्या गाडीने निघून आले.

ते आठ दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. छाती दगड झालेली. बाथरूममध्ये बेसिनवर वाकून दूध पिळून टाकायचे आणि रडायचे. रोज फोन.

"अक्का, रडली का गं?"

"न्हाई की. नावबी काढत न्हाई तुजं."

"जेवते का?"

"जेवती कुटं? भाताला तोंड लावत न्हाई. पर मजेत हाय. दुपारी मागच्या खोलीत जाऊन आपली आपण निजती."

मला बरं वाटायला हवं होतं ना? मला राग आला. दोन वर्षं रक्त आटवलं आणि पोरगी आठ दिवसांत विसरली!

आठव्या दिवशी आणायला गेले. ओवी पडवीत खेळत होती. गाल वर आलेले, मनगटाला वळी पडलेली. अंगणवाडीच्या ताई समोरच राहतात. मी सोडायला आले त्या दिवशी त्यांनी सहज म्हणून वजन केलं होतं, आता परत केलं. आठ दिवसांत पाऊण किलो वाढ! न जेवता. ताई म्हणाल्या, "काटा बिघडला वाटतं." दुसरं मूल ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता.

मी ओवीला खांद्यावर घेतलं, तर तिने ढेकर दिली आणि माझ्या खांद्यावर दूध टाकलं. पांढरं, फाटलेलं, गोडसर वासाचं. दोन वर्षं ज्या वासात झोपले-उठले तो वास मी विसरेन का?

"अक्का, काय पाजलंस हिला?"

"काय बी न्हाई, तुज्या गळ्याची आन. घरात दुधाचा थेंब न्हाई. मी चा बी कोराच पिती."

मी ओवीचे कपडे काढून तिचं अंग पाहिलं. एक गांध नाही. म्हणजे म्हशीचं नाही, गायीचं नाही. मग कुणाचं? मी अंगणवाडीच्या ताईंना गाठलं. त्यांच्या रजिस्टरमध्ये स्तनदा मातांचं पान असतं, त्यावर त्या महिन्यात एकही नाव नव्हतं. सगळ्या वाडीत अंगावर पाजणारी बाई नव्हती.

"ओवी, दूदू कुणी दिलं?"

तिने मागच्या खोलीकडे बोट केलं. "आई."

"आई म्हणजे मी ना? मी तर लोणावळ्याला होते."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तू नाही," म्हणाली. "आई."

मी खोलीत गेले. पोती, कोपऱ्यात कणगी, खाली गोधडी. ओवी निजते तिथे खळगा पडलेला, आणि त्याच्या शेजारी, बाई कुशीवर निजली तर छाती येईल तेवढ्या अंतरावर, ताटलीएवढी ओल. हात लावला. कोमट होती.

मी ओवीला उचललं आणि पुढच्या जीपने घरी आले. चार दिवस तिने धिंगाणा घातला, मग वरणभात खायला लागली. पाजणं तुटलं होतं. मला हवं तेच झालं म्हणायचं. फक्त त्यानंतर तिने मला कधी आई म्हटलं नाही. नीलेश हाक मारतो तशी तीही मला "स्वाती" म्हणायला लागली. सगळ्यांना फार गोड वाटलं ते.

राघव आठव्या महिन्यातच झाला. भातलावणीचे दिवस, धो धो पाऊस. काचेच्या पेटीत ठेवला होता, अंगाला नळ्या. आणि मला दूध आलं नाही. थेंब नाही. शतावरी खाल्ली, अळीव खाल्ले, तास तास पंप लावून बसले. ज्या छातीला कडुलिंब फासला ती कोरडी ठणठणीत. पावडरचं दूध दिलं तर शीमध्ये रक्त. पावडर बदलली, तर चमचाभर तोंडात धरायचा आणि तसंच सोडून द्यायचा. दुसऱ्या आईचं दूध मिळतं का म्हणून पुण्यात चौकशी केली. यादीत नाव लिहून थांबायला सांगितलं. घरी आणल्यावर वजन पावणेदोन किलोवर होतं ते आणखी उतरायला लागलं. रडायचा तेही ऐकू येऊ नये इतकं बारीक.

डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस बघू. वाढला नाही तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल. जीव फार छोटा आहे, मी काही सांगू शकत नाही."

मी नीलेशला म्हटलं, मला अक्काकडे जायचंय. तो भडकला. "वेड लागलंय का तुला? तिकडे साधा दवाखाना नाही!" मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. त्याने उठून गाडी काढली. त्याच्याकडेही दुसरं काही नव्हतं म्हणून, एरवी त्याने मला डॉक्टरकडेच नेलं असतं. तुम्ही कुणी असलं काही करू नका. मीही दुसऱ्या कुणाला करू दिलं नसतं.

दुपारी बाराच्या सुमाराला पोचलो. वाडी लावणीला गेलेली, सगळं सुनसान. मी राघवला भाताच्या खोलीत गोधडीवर ठेवलं. अक्काने माझा दंड धरला. "लेकी, इचार कर. मागितल्यालं परत देता येत न्हाई."

"तो मरतोय, अक्का."

तिने हात सोडला. मी त्या रिकाम्या खोलीला हात जोडले. काय म्हणावं तेही सुचेना. "जी कोणी असाल ती... माझ्याकडे नाहीये. पाजा याला." आणि दार ओढून घेतलं.

पडवीत आम्ही चौघं बसलो. आतून राघवचं ते बारीक रडणं येत होतं. ओवी मातीत काडीने रेघा मारत होती. ती मान वर न करताच म्हणाली, "आई आली."

रडणं थांबलं.

मला वाटलं गेला. खरंच वाटलं, माझ्या हाताने मी त्याला तिथे टाकून आले आणि तो गेला. नीलेश उठला, अक्काने त्याला बसवलं. आणि मग दाराआडून आवाज आला... घोट घेतल्याचा. गुटुक. थोडं थांबून परत गुटुक. पाजणाऱ्या बाईला तो आवाज शिकवावा लागत नाही. मी पदर तोंडात कोंबून रडले.

आत गेलो तेव्हा तो झोपला होता. ओठाच्या कडेला दूध. शेजारी ओल. नीलेशने ती चाचपली, बोटांचा वास घेतला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी वजन केलं आणि हसले. "आलं ना शेवटी दूध?"

"आलं," मी म्हटलं.

मी वाडीतच राहिले. लोणावळ्याला नेलं की तिसऱ्या दिवशी राघव मलूल व्हायचा. त्याच्या सगळ्या टेस्ट मी माझ्याच लॅबमध्ये केल्या, सगळ्या नॉर्मल. मग परत वाडी, परत ते दार. रांगायला लागला तसा तो स्वतःच जायचा. मी बाहेर बसायचे. मुलगा माझा, आणि मी दाराबाहेर ताटकळत. मत्सर वाटायचा हो! ज्या बाईने लेकरू जगवलं तिचा मत्सर. लाज वाटते लिहायला.

या वर्षी भात झोडून नवी पोती आत आली तेव्हा राघव दीड वर्षाचा झाला होता. अक्का म्हणाली, "आता तोडाय पायजे. न्हाईतर तुजा राहणार न्हाई तो." तिने पाटा धुतला, कडुलिंबाचा पाला वाटला आणि वाटी माझ्या हातात दिली. मी वाटी घेऊन उभीच. लावायचा कुणाला?

दुपार व्हायच्या आत मी ती वाटी गोधडीशेजारी ठेवली. "ताई," मी म्हटलं, "मी तुम्हाला ओळखत नाही. तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण आता याला तोडा. किती दुखतं ते मला माहितीये."

राघव रोजच्यासारखा आत गेला. थोड्या वेळाने किंचाळला. धावत बाहेर आला तर ओठ हिरवे, तोंड कडूजहर झालेलं. तो तडक माझ्या मांडीत शिरला आणि तिन्हीसांजेपर्यंत रडला. जन्मापासून पहिल्यांदाच तो रडत माझ्याकडे आला होता. आत वाटी बोटांनी निपटून घेतलेली होती.

त्यानंतर तो त्या खोलीत गेला नाही. मी मात्र रोज दुपारी जाऊन बघायचे. गोधडीवरची ओल वाढत होती. चौथ्या दिवशी ती पोत्यांपर्यंत गेली, फरशीवर दूध साचलं. मला ते बेसिन आठवायचं. मी फडक्याने पुसून घ्यायचे. आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी गोधडी कोरडी होती.

आता आम्ही लोणावळ्याला परत आलोय. कुणी म्हणेल, एखादी मेलेली बाळंतीण असेल. अक्काला विचारलं, वाडीत कुणाच्याच आठवणीत तशी कुणी नाही. त्या जागेवर आधी आमचं नाचणीचं वावर होतं, दुसरं काही नाही. आणि हो, माझं बी-ट्वेल्व्ह मी तपासलंय. नॉर्मल आहे. कोण होती, कुठून आली, माझ्या एका रागाच्या शब्दावर का आली... मला आजही सांगता येत नाही.

ओवी मला स्वाती म्हणते. तिचं ऐकून राघवही तेच म्हणतो. पाहुणे हसतात, म्हणतात, "अगं, आई म्हणायला शिकव की त्यांना!" तो एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ मी अजून ठेवलाय, कधी कधी एकटीच लावते. पण मुलांना शिकवत नाही. कुठल्या तोंडाने शिकवू?