झेंडूच्या माळेतले शब्द

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं त्या दिवसांत इंग्रजीवाचून साधी कारकुनी मिळत नसे. मी मॅट्रिकला होतो. बडनेऱ्याला आमचा फुलांचा मळा. सकाळी माय झेंडूच्या माळा ओवायला बसली की मी डिक्शनरी घेऊन तिच्यासमोर बसायचो. एका फुलाला एक शब्द, हा तिचाच नियम. दुसऱ्या दिवशी ती त्याच क्रमानं विचारी. ऑब्स्टिनेट म्हणजे हट्टी, फ्रूगल म्हणजे काटकसरी, मॅग्नॅनिमस म्हणजे मोठ्या मनाचा, टॅसिटर्न म्हणजे अबोल. तिला अक्षरओळख नव्हती, पण मी चुकलो की तिचा हात थांबे. मी शंभरदा चुकलो असेन. ती कधीच नाही.

अमरावतीला कॉलेजात गेलो आणि मला शिंगं फुटली. एका सुटीत तीन मित्र अचानक मळ्यावर आले, वकिलांचे कोटटोपीवाले मुलगे. मायनं पेरू कापून दिले. एकानं तिच्या हातची पाण्याची बादली घेतली, तशी ती हरखून म्हणाली, "मोठे मॅग्नॅनिमस आहा बाप्पा तुमी."

शब्द बरोबर होता, जागाही बरोबर होती. तरी तिघं पोट धरून हसले. ही कोण, असं एकानं विचारलं.

"मळ्यावर कामाला आहे," मी म्हणालो.

मायनं ऐकलं. पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमाले उशीर होऊन राहिला, मालक. गाडी निघून जाईन."

जन्मभर मला अरेतुरे करणारी माझी माय. मी मित्रांबरोबर निघून गेलो. परत जायला दहा पावलं लागली असती, पण मी वळलो नाही. पुढच्या खेपेला ती पुन्हा अरेतुरेवर आली, गरम भाकर वाढली, त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी सुटलो असतो.

पुढे अकोल्याला मी कारकून झालो. शेवटच्या दुखण्यात माय माझ्याकडेच होती. एका दुपारी तिनं आपणहून शब्द म्हणायला घेतले, माळेच्या क्रमानं, बोटं ओवल्यासारखी हलवत. ऑब्स्टिनेट, हट्टी. फ्रूगल, काटकसरी. मग थांबली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि टॅसिटर्नवर गेली.

"माय, एक राहिला," मी म्हणालो.

"मले नाई येत तो."

उभ्या जन्मात ती माझ्याशी तेवढं एकच खोटं बोलली. मी तिच्या अंथरुणात तोंड खुपसून रडलो.