माझा कंदील आणि अण्णांची चिपाडं

मंडळी, घरी आल्या आल्या लिहितो.

आज संध्याकाळी कागलजवळच्या माळावर हवेत कंदील सोडायचा कार्यक्रम होता. माझा मी घरीच केलेला, कुणाकडं न शिकता. कागद, काडी, वात सगळं तोलून. पहिला तोच उठला.

तेवढ्यात शेजारच्या गुऱ्हाळाचे अण्णा ओरडत आले, "पावणं, कंदील झकास हाय, पर तिकडं माझी उसाची चिपाडं वाळाय घातल्यात की!"

कंदील त्या ढिगाकडंच निघालेला, वात पेटती. ढिगावरनं सरकत तो पलीकडं, नुकतंच पाणी पाजलेल्या उसात पडला आणि विझला.

अण्णांनी रसाचा पेला पुढं केला. "प्या. आता उरलेलं कंदील घरात टांगा."

कंदिलात खोट नव्हती, हे आत्ताही सांगतो. वारा तेवढा बघितला नव्हता. तुम्ही बघता का?