दांडीची होडी, ताकदवान गाडी आणि आठ दिवसांचं पाणी

मोठी गाडी घ्यायची ठरली आणि आमच्या ठाण्याच्या घरात दोन पक्ष पडले. मुलगा निखिल आणि सून श्रुती मऊ गाडीच्या बाजूचे. मी एकटा ओढणाऱ्या गाडीचा.

सात माणसं बसतील अशी गाडी घ्यायला निघालेल्यांना हा पेच येतोच, म्हणून आधी तेवढं सांगतो. एक जात असते ट्रकसारख्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली. मागे वजन जोडा, चिखलात घाला, ती ओढते; पण रिकामी पळवली की प्रत्येक खड्डा पाठीला कळवते. दुसरी जात आख्खी एका अंगाची, मोटारीसारखी. तिच्यात बाळ झोपतं, पण मागे जड काही जोडलं की तिची शेपटी बसते आणि तोंड आभाळाकडे जातं. श्रुतीने एका वाक्यात निकाल दिला होता. "बाबा, होडी एकदाच ओढायची आहे. मणके रोज जायचे आहेत."

होडीचं सांगायला हवं. माझा धाकटा भाऊ पांडू बोईसरच्या पश्चिमेला दांडी गावात राहतो, समुद्राला लागून. आमच्या बापाची लहान होडी त्याच्याकडे. पन्नास वर्षांपूर्वी मी मास्तरकीचं शिक्षण घ्यायला गाव सोडलं आणि वल्हं त्याच्या हातात गेलं. मला पेन्शन मिळाली, त्याला कमरेचं ऑपरेशन. दोन वर्षं तो समुद्रावर गेलेला नाही. मासवणला सूर्या नदीच्या काठी माझं छोटं घर आहे, कुलूप लावलेलं. तिथे बंधाऱ्यामागे पाणी संथ असतं. दोघांनी उरलेले दिवस तिथे काढावेत, त्याने होडीत बसून गळ टाकावा, मी काठावर बसून चौथीच्या पुस्तकातल्या कविता चालीवर म्हणाव्यात, असं मी मनात रंगवलं होतं. पांडूची अट एकच होती. "होडी येल तर मी येन."

निखिलला सोमवारी गाडीचं बुकिंग करायचं होतं. म्हणून त्या आधीच्या शनिवार-रविवारी ओढणारी गाडी भाड्याने घेऊन बघायची ठरली. दोन दिवसांचे साडेनऊ हजार, डिझेल आपलं. गुरुवारी मी पांडूला फोन केला. तो म्हणाला, "दादा, आठ दिस थांब. तिला पानी मारतो, मंग या." होडी दोन वर्षं वाळूत कोरडी पडली की फळ्या आकसतात, फटीतला कापूस-राळ सुटतो. हलवण्याआधी रोज समुद्राचं पाणी मारून तिला फुगवायची असते. कोळ्याच्या पोटी जन्मलेल्या मला हे ठाऊक होतं. पण आठ दिवस थांबलो असतो तर मऊ गाडी घरात आली असती. मी म्हणालो, "काही होत नाही रे, चाकांवरून तर न्यायची." थोरल्या भावाला तो कधी नाही म्हणालेला नाही.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. घोडबंदरला साडेसहाच्या आत गेलात तर ठीक, नाहीतर तिथेच दुपार करा. मनोरला वडा-उसळ खाल्ली, बरी होती, चहा मात्र पुढे घ्या. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळलो आणि गाडीने आपला स्वभाव दाखवला. शाळेत मुलांना लघु-गुरू शिकवताना मी बाकावर छडी वाजवायचो, तसे खड्डे वाजू लागले. एक हलका, दोन जड, एक हलका, दोन जड. भुजंगप्रयातच. मी मोठ्याने मोजू लागलो तेव्हा निखिल म्हणाला, "बाबा, तुमच्या वृत्तात माझी कंबर गेली." मागच्या सीटवर मी एकटाच होतो आणि तिथून टाळू दोनदा छताला लागली, हे मी त्याला सांगितलं नाही.

बोईसरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, जिथे हवेला रोज वेगळा वास असतो, एका वेल्डिंगवाल्याकडून दोन चाकांचा ट्रेलर ठरवला होता. (असा ट्रेलर खाजगी गाडीला जोडून रस्त्यावर न्यायचा तर परवानगी लागते का, ते आधी आरटीओत विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.) त्याने हूक जोडला, गाडीच्या बुडाखाली डोकावला आणि खूश झाला. "चाचा, ये गाडी तो घर खींच लेगी. बस झटका मत देना." ते वाक्य मी निखिलला कौतुकाने दोनदा ऐकवलं. पहिलं अर्धंच.

दांडीला पोचलो तेव्हा बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. पांडू उंबऱ्यात बसलेला. उठायला त्याला दाराची चौकट धरावी लागली. गाडीकडे बघून म्हणाला, "मोप मोटी हाय. आत माणसं बसतात का बैल?" जेवायला बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. त्याने वळकटी बांधून ठेवली होती. वर एक ट्रान्झिस्टर, गळाचा डबा आणि बायकोचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून. एवढंच त्याचं सामान. संध्याकाळी मी त्याला बंधाऱ्याचं, होडी बांधायला काठावर रोवलेल्या खुंटांचं वर्णन करून सांगितलं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "नदीचं पानी गोडं. तिला सवय व्हईल का?" तिला म्हणजे होडीला.

रविवारी सकाळी, ओहोटी लागल्यावर, ट्रेलर वर रस्त्यावर सोडून गाडी वाळूत उतरवली. आमच्याकडे होडी हलवायची तर घराघरांतून एकेक माणूस येतो. नारळाच्या खोडाचे तुकडे खाली घालतात, पुढून दोर धरतात, मागून खांदे लावतात, हाकाऱ्यावर ओढतात. मग मासळीत त्यांचा वाटा. मी कुणाला बोलावलं नाही. एवढी गाडी असताना कशाला लोकांना त्रास? शेजारची रखमावहिनी वलांडीवर बोंबील टांगता टांगता ओरडली, "मास्तर, वाजंत्र्याबिगर सासरी धाडताव का पोरीला? हाक तरी मारा कोनाला!"

"वहिनी, ही एकटी शंभर माणसांची आहे," मी गाडीवर थाप मारली.

पांडू होडीच्या अंगावरून हात फिरवत होता. एका फटीत त्याचं बोट शिरलं. "दादा, आज नगं. माजं ऐक."

"निखिलला उद्या बुकिंग करायचंय," मी म्हणालो.

होडीच्या पुढच्या टोकाला, ज्याला आम्ही नाळ म्हणतो, बापाने ठोकलेली लोखंडी कडी आहे. खोडाचे तुकडे निखिलने पुढे टाकले, दोर मी स्वतः त्या कडीत ओवला. निखिलने गाडी ओढण्याच्या गिअरमध्ये टाकली. तुमच्यापैकी जे ताकदीचा हिशेब करताहेत त्यांच्यासाठी नोंद करतो: चाक एकदाही वाळूत फिरलं नाही. इंजिनाचा आवाज चढला नाही. दोर ताणला, होडी दोन वर्षं धरून ठेवलेली वाळू एका दमात सुटली, ती पहिल्या खोडावर चढली, हातभर पुढे आली, आणि मग वाळलेलं झाड मोडावं तसा आवाज झाला. गाडी पुढे चालतच राहिली. आत निखिलला काही जाणवलंच नाही. मी हात हलवत मागे धावलो तेव्हा कुठे तो थांबला. दोराच्या टोकाला आख्खी नाळ होती, दोन्हीकडच्या फळ्यांचे तुकडे धरून. होडी तोंड नसल्यासारखी वाळूत बसली होती.

पांडू वाकू शकत नाही, पण वाकला. फटीतून लोंबणारा कापूस त्याने चिमटीत धरला, चुरगळला. त्याची भुकटी झाली.

"तान्हेली हुती ती, दादा," तो म्हणाला.

निखिल सारखा म्हणत होता, "काका, सुतार बोलावू, नवीन लावू." पांडूने मान हलवली. तसलं काम करणारा म्हातारा मागच्या साली गेला, आणि लाकूड बापाच्या वेळचं. मी म्हणालो, तू तरी चल. वळकटी बांधलेली आहे. त्यावर तो हसला, आणि ते हसू मला अजून टोचतं. "होडीबिगर नदीवर काय करू? तुज्या कविता आयकू?" मग गाडीच्या बॉनेटवर हलकी थाप मारली, मी मारली होती तशीच. "ताकद लय हाय पन."

निघताना त्याने सुक्या बोंबलाची पुडी दिली. गाडीत मात्र पाऊल ठेवलं नाही.

ट्रेलर बोईसरला परत केला. "क्या हुआ चाचा, खाली?" वेल्डिंगवाल्याने विचारलं, निखिलने काहीतरी सांगितलं. पालघरवरून वाघोबाच्या खिंडीतून आलो. हा रस्ता सुंदर आहे, वेळ काढून या. मासवणला मी गाडी थांबवायला सांगितली. खुंट जागेवर होते. त्यातल्या एकावर खंड्या बसला होता. आमच्या पुस्तकातल्या कवितांतली होडी नेहमी डोलायची, वाऱ्यावर जायची. तिला कुणी ओढायचं नाही. आयुष्यभर मी तीच शिकवली, आणि खरी होडी बघायची वेळ आली तेव्हा मला फक्त गाडी दिसली.

घरी श्रुतीने विचारलं, "कशी आहे गाडी?" निखिल बूट काढत म्हणाला, "ओढायला एक नंबर." माझ्याकडे त्याने बघितलं नाही. त्याला टोमणा मारायचा नव्हता, हे जास्त वाईट.

सोमवारी मऊ गाडी बुक केली. विकणाऱ्याने विचारलं, मागे ओढायचा हूक लावून हवा का? दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणालो. गाडी चांगली आहे, तिला नावं ठेवणार नाही. कंबर दुखत असेल, घरात म्हातारी माणसं असतील, तर हीच घ्या. आणि ओढणारी हवी असेल, तर ती किती ओढते हे विचारण्याआधी जे ओढायचंय त्याला किती सोसवतं ते विचारा.

हे इथेच संपवणार होतो. पण पुढच्या सोमवारी सकाळी पांडूचा फोन आला. मागून रखमावहिनीचा आवाज येत होता, कमरेचं सांभाळा, किती बादल्या वाहणार म्हणून. आम्ही निघालो त्या संध्याकाळपासून तो तुटक्या होडीवर रोज पाणी मारत होता.

"आठ दिस झाले, दादा," तो म्हणाला. "फटी मिटल्या. एक थेंब गळत नाय."

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नाळ तेवडी नाय," म्हणाला, आणि फोन ठेवला.