खिडकीतून सांगितलेली नावं

देवकीबाय गेली हे मला आश्रमशाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून कळलं. मी डाळ ढवळत होते. खिडकीत तिचा पुतण्या येऊन उभा राहिला. त्या खिडकीत बाहेरचं माणूस येतं ते लग्नाचं सांगायला, म्हणून हात न थांबवता मी सवयीनं विचारलं, "नावं काय रे नवरा-नवरीची?" त्यानं खिडकीचा गज धरला. मग म्हणाला, "काकू गेली. नाशकाला दवाखान्यात नेली होती ना... तिथंच." मी डाळ ढवळतच राहिले. थांबले असते तर खाली लागली असती, आणि पोरं ताटं घेऊन बसली होती.

आमच्या लोकांत लग्न धवलेरी लावते. बाईमाणूस असते ती. नवरा-नवरीची, त्यांच्या आईबापांची, गावांची नावं ती गाण्यात घेते, तेव्हा ते लग्न होतं. देवकीबाय धवलेरी होती आणि पोटासाठी शाळेत स्वयंपाकीण होती. मी तिच्या हाताखाली, भट्टीपाशीही आणि मांडवातही. ती ओळ टाकायची, मी मागून उचलायची. खोडाळ्यापासून जामसरपर्यंत किती मांडवांत आम्ही दोघी बसलो, पण मी खाली बघून गायची, माझा आवाज तिच्या पदराआड असायचा. ती म्हणायची, "जमिनीला कशाला गाणं ऐकवतेस गे सुमन? तिचं लग्न नाय आज."

ती गेल्यावर शाळेत शोकसभा झाली. अधीक्षक बोलले, "देवकीताईंनी नोकरी सांभाळून गाण्याचा छंद जोपासला." सगळ्या गुरुजींनी माना हलवल्या. मी मागे दाराशी बसले होते. छंद... पोरं चिंचोके जमवतात, त्याला मी छंद म्हणेन. ती नाही आली तर नवरी हळद अंगावर घेऊन तशीच बसून राहायची, आणि याला हे छंद म्हणतात! हेच अधीक्षक तिच्या रजेचा कागद हातात धरून म्हणाले होते, "बाई, काय ते एक ठरवा. डाळ शिजवायची की गाणी गायची?" ती म्हणाली होती, "साहेब, तुमची डाळ कधी करपली का?" त्यांनी कागदावर सही केली. पण पुढच्या रजेला त्यांनी तिला दारात ताटकळत ठेवलं. तेव्हाही मी तिथंच होते आणि तेव्हाही मी गप्पच.

डाळ तिची खरंच कधी करपली नाही. उलट गाणं तिचं डाळीवरच पक्कं व्हायचं. खिडकीतून कुणी नावं सांगून गेलं की ती मोठा डाव दोन्ही हातांनी धरायची आणि ढवळता ढवळता ती नावं घोळवायची. डाव पातेल्याच्या कडेला लागला की एक नाव, पुन्हा लागला की दुसरं. दुपारपर्यंत नवऱ्याच्या आजापर्यंतची माणसं तिच्या तोंडात बसायची. एकदा नवरा दगडू आणि नवरी फुला निघाली. ती हसून हसून भट्टीपासून बाजूला झाली. "दगडाच्या घरी फूल चाललंय गे! आता मी गाऊ का रडू?" आणि मांडवात तीच दोन नावं तिनं अशी घेतली की दगडूची आई पदरानं डोळे पुसत होती.

पोटात दुखतं असं ती दिवाळीपासून म्हणत होती. दवाखान्यात मोठी तपासणी करायला जव्हारला जायचं तर दिवस मोडणार, आणि तिच्या रजा लग्नांत गेलेल्या. उरलेल्याही तिनं पुढच्या लग्नांना धरून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, "देवकीबाय, यातली एक तुझ्यासाठी टाक." ती म्हणाली, "पोट दुखतंय ना, दुखू दे. गळा नाय ना दुखत." तिचा मला आजही राग येतो. अधीक्षकांचा येतो तितकाच. आणि ज्यांच्या पोरींची लग्नं तिनं लावली त्यांचा तर जास्तच येतो. खिडकीशी यायचे, तारीख सांगायचे, नावं सांगायचे. ती एका हातानं पोट दाबून उभी आहे हे एकालाही दिसलं नाही. नोकरी तिला एका बाजूनं ओढत होती, मांडव दुसऱ्या बाजूनं. तिचा स्वतःचा असा दिवसच कुणी शिल्लक ठेवला नाही... तिनंही नाही.

होळीनंतर जामसरला माझ्या भाच्याचं, विलासचं लग्न होतं. तिथं मी पाहुणी म्हणून गेले, बायकांत मागे बसले. धवलेरी कोण आहे म्हणून विचारलं तर नवऱ्याचा चुलतभाऊ, भिवंडीला कंपनीत असतो तो, मोबाईल वर करून म्हणाला, "मावशी, टेन्शन नाय. देवकीबायचंच गाणं हाय. मागच्या लग्नात मी भरून ठेवलंय." आणि त्यानं ते टेम्पोवरच्या स्पीकरला जोडलं. तिचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले.

मग नावं आली. रमेश आणि वनिता. इथली नवरी तर सविता. तिनं मुंडावळ्या बाजूला करून वर पाहिलं आणि हळूच म्हणाली, "माझं नाव नाय घेतलं." एक म्हातारा ओरडला, "अरे विलास, दुसऱ्याची बायको नेतोस का?" मांडव हसला. मोबाईलवाला पोरगा म्हणाला, "नावाचं काय एवढं? गाणं तेच हाय. पुढं ऐका." सविताची आई मात्र हसली नाही. ती इकडे तिकडे बघायला लागली, कुणीतरी काहीतरी करावं म्हणून.

माझं डोकं तापलं. नावाचं काय एवढं! भट्टीपुढे घाम गाळून ती नावंच तर घोळवायची. बाकीचं गाणं सगळ्या म्हाताऱ्यांना येतं. मनात हे सगळं आलं, पण तोंड उघडेना. तेवढ्यात स्पीकरमधल्या देवकीबायनं एक ओळ टाकली. मागून उचलणारा आवाज नीट ऐकूच येईना. गेल्या वर्षीचा माझाच आवाज तो, कुठं तरी तळाशी. आणि गाणं थांबवून ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली, "सुमन, उचल ना गे. मोठ्यानं!"

सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी उठले. "बंद कर ते," मी त्या पोराला म्हटलं. त्यानं मोबाईल मागे घेतला. "बंद कर म्हणते ना!" असं मी जन्मात कुणावर ओरडले नव्हते. मग सविताच्या आईला तिच्या माणसांची नावं विचारली, विलासची मला ठाऊकच होती. पायानं ताल धरून ती दोनदा घोळवली आणि पहिली ओळ टाकली. आवाज फाटत होता. राग होता तो, गाणं कमी आणि राग जास्त. पण नावं बरोबर घेतली, आणि मागून म्हाताऱ्या बायकांनी उचलली.

परवा अधीक्षक स्वयंपाकघरात आले. म्हणाले, "ती मागची खिडकी आता बंद ठेवत जा. बाहेरची माणसं येतात." मी मान खाली घालून हो म्हटलं, आणि ते गेल्यावर खिडकी तशीच ठेवली. आज सकाळी तिथं एक बाई उभी राहिली, दमलेली, खोडाळ्याच्या बाजारातून आलेली. "देवकीबायच्या जागी तुम्हीच का?" मी म्हटलं, "जागी नाय. तिच्या मागची." तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं, नवरीचं सांगितलं. मी तिला आधी पाणी दिलं. ती गेल्यावर मोठा डाव दोन्ही हातांनी धरला. पातेल्याच्या कडेला लागला, एक नाव. पुन्हा लागला, दुसरं. डाळ झाली की रजेचा कागद घेऊन अधीक्षकांकडे जायचं आहे. त्यावर कारण लिहावं लागतं. तिथं मी छंद लिहिणार नाही. लग्न लावायचं आहे, असं लिहिणार आहे.