लांडग्यासाठी बांधलेला खड्डा

लालबागला आमच्या सोसायटीत झेंडावंदन झालं की कोणीतरी विचारतंच, "काका, गोळ्या किती झाडल्या?" मी लांडग्याचं सांगायला लागतो. लोकांचा हिरमोड होतो. होऊ दे.

लडाखला लष्कराच्या पोस्टवर माझ्याबरोबर नायक दत्ता होता, माहीमच्या कोळीवाड्यातला. मी हवालदार, त्याच्याहून वरचा, पण दोघेही मुंबईचे म्हणून अरेतुरे. तिथला पोर्टर नोर्बू लांडग्यांबद्दल सांगायचा. लांडगा खोल बर्फ टाळतो. वाऱ्यानं झाडलेल्या डोंगरधारेवरून चालतो, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत. रानमेंढ्या मिळाल्या नाहीत की गावच्या कळपावर येतो. म्हणून गावकऱ्यांनी पूर्वी दगडी खड्डे बांधले. भिंती वरून आत झुकलेल्या. आमिषाच्या मेंढीसाठी लांडगा आत उडी मारतो. बाहेर पडायला धाव घ्यावी लागते आणि धावायला जागा नसते.

एका दुपारी गस्तीवरून परतताना वादळ आलं. आम्ही दोघे शेवटी होतो. पुढची माणसं दिसेनाशी झाली. दगडांचा आडोसा दिसला, वारा चुकवायला आत उड्या टाकल्या.

आत पडल्यावर कळलं, कुठे आलोय ते. चढू लागलो की भिंत छातीवर यायची. वायरलेस सेटवर नुसती खरखर.

"च्यायला, आपणच लांडगे झालो," दत्ता म्हणाला.

बर्फ भरत होता. पाय बधिर झाले. मला ओरडावंसं वाटत होतं. दत्ता धिप्पाड, मी काटकुळा. तो भिंतीला हात टेकून उभा राहिला.

"चढ."

"आणि तू?"

"रस्सी आण ना. मी कुठे जातोय?"

त्याच्या पाठीवरून मी वर आलो. पालथा पडून पट्टा खाली सोडला. त्याच्या बोटांना तो धरवेना.

"जा रे. हवालदार तू, ऑर्डर मी देऊ?"

वाट बुजली होती. धारेवर लांडग्यांचे ताजे माग होते, एका ओळीत. पुढे ते असतील हे कळत होतं, तरी त्याच मागानं गेलो. तिथे बर्फ घोट्याएवढाच होता. पोस्ट सापडली. सुभेदार साहेबांनी रस्सी देऊन लगेच माणसं बरोबर पाठवली.

दत्ता भिंतीला टेकून उभाच होता. आम्ही हाका मारल्या. काठाभोवती लांडग्यांची पावलं होती. आत एकही उतरला नव्हता.

दरवर्षी तो गेला त्या तारखेला मी माहीमला जातो. त्याची आई दरवेळी विचारते, "लांडग्यांनी शिवलं नाय ना रे त्याला?"

"नाही, काकी. थंडीनं गेला."

त्याचा फोटो आहे त्या खोलीत ती पंखा लावत नाही, मे महिन्यातही. मी घाम पुसत बसतो. लाव म्हणत नाही.