मैनेचं अडखळणं

मार्केट यार्डात डाळिंबांचा गाळा चालवणारे तालिब बागवान लहानपणापासून बोलताना अडखळतात. सर्वांत जास्त अडखळतात ते स्वतःच्या नावावर. ‘ता’ ओठांशी येऊन अडकतो आणि समोरचा माणूस घड्याळ बघू लागतो.

अकराव्या वर्षी शाळेच्या कपाटातून त्यांच्या हाती ‘निळ्या कड्याची वाट’ ही अद्भुत कादंबरी पडली. तिची नायिका मैना त्यांच्यासारखीच अडखळणारी. कड्याच्या पोटातलं दगडी दार स्वतःचं नाव सांगणाऱ्यालाच उघडतं. मागून राक्षसांचं सैन्य येतंय आणि मैना पहिल्याच अक्षरावर अडकते. ती रडकुंडीला आल्यावर दार म्हणतं, ‘‘सावकाश सांग, पोरी. मला कुठं जायचंय?’’ अडीच पानं ती अडखळते. दार थांबतं आणि मग उघडतं. तालिबभाईंसाठी आजवर कुणी इतकं थांबलं नव्हतं.

ते कॉलेजात असताना या कादंबरीवर टीव्ही मालिका आली. तिच्यात मैना अडखळली की मागून हशा वाजायचा. वर्गातल्या पोरांनी त्यांचं नावच ‘मै-मै-मैना’ ठेवलं. ते त्यांनी मुकाट सोसलं.

गेल्या वर्षी कादंबरीवर सिनेमा आला. एका वाचक मंडळानं खास खेळ ठेवला, नंतर दिग्दर्शक अभिनव यांच्याशी चर्चा. मंडळानं वाचकांकडून पत्रं मागवली होती. तालिबभाईंनी मालिकेवरचा सगळा राग चार पानांत उतरवला आणि त्या पत्रामुळे त्यांना मंचावर बोलायचं बोलावणं आलं.

‘‘लिहिलंत तेवढं पुरे आहे,’’ त्यांची बायको कमरजहां म्हणाली. ‘‘चारचौघांत कशाला त्रास करून घेता?’’

‘‘सिनेमा चांगला निघाला, तर ते सांगायला नको?’’

दाराच्या प्रसंगापर्यंत सिनेमा खरंच चांगला होता. मग दारातून निळा प्रकाश निघाला, मैनेच्या गळ्यात शिरला आणि तिनं खणखणीत आवाजात नाव सांगितलं. वर एक लांबलचक भाषणही केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तालिबभाईंचे हात मांडीवरच राहिले.

मंचावर ते माईकसमोर उभे राहिले. ‘‘मला हा शेवट आ… आ…’’

‘‘आवडला,’’ सूत्रसंचालन करणाऱ्या राजनंदिनीबाईंनी हसून वाक्य पुरं केलं.

‘‘नाही,’’ तालिबभाई म्हणाले. ‘‘आणि माझं बोलणं अजून संपलेलं नाही.’’

ते अभिनवकडे वळले. मध्ये मध्ये थांबत, अडकत, पण एकही शब्द न गाळता ते बोलले. ‘‘मालिकेनं मैनेची टिंगल केली. तुम्ही तिला बरं केलंत. मला टिंगल परवडली. तिला काय आजार झाला होता?’’

‘‘सर, प्रेक्षकांना तिचा विजय दिसायला हवा ना,’’ अभिनव म्हणाला.

‘‘ती अडखळतच जिंकली होती. ते तुम्ही काढून घेतलंत. आता माझ्यासारख्या मुलानं हा सिनेमा बघून काय करायचं? प्रकाशाची वाट बघत बसायचं?’’

राजनंदिनीबाईंनी वेळ संपल्याची चिठ्ठी पुढे सरकवली. तालिबभाईंनी ती उलटी करून ठेवली आणि मैनेची ती अडीच पानं तोंडपाठ म्हणायला घेतली. पहिल्या रांगेतले दोघे उठून गेले. बाकीचे बसून राहिले. पुस्तकातल्या अडखळण्यात त्यांचं स्वतःचं मिसळलं, त्यामुळे बराच वेळ लागला.

अभिनवनं नंतर एका मुलाखतीत ‘काही वाचक फार हळवे असतात’ एवढंच म्हटलं. सिनेमा तसाच चालला, गर्दीत चालला. तालिबभाईंनी निर्मात्यांना पत्र पाठवलं. ‘आपल्या प्रेमाबद्दल आभार’ असं छापील उत्तर आलं. तालिबभाईंनी ते परत पाठवलं. सोबत लिहिलं, ‘हे प्रेम नाही, तक्रार आहे. कृपया नीट वाचावी.’

त्याला अजून उत्तर नाही. पुढचं पत्र लिहून तयार आहे. कमरजहांनंच या खेपेला ते रजिस्टर्ड पोस्टानं पाठवायला सांगितलंय.