मधला स्पीकर आणि माझे कान

मंडळी, ‘बुकशेल्फ’ म्हणवणारी स्पीकरांची जोडी माझ्या संस्कृत ग्रंथांना फळीवरून हुसकावू पाहते आहे, याचा मी विधिपूर्वक निषेध नोंदवतो.

आज मी आणि बायको दुकानात गेलो. गुजराती दुकानदाराने टीव्हीवर सिनेमातला एकच प्रसंग लावून तो आधी त्या जोडीवर आणि मग टीव्हीखालच्या सेंटर स्पीकरवर ऐकवला. “साहेब, डायलॉगमां फरक लागे छे ने?”

“छे. दोन्हींवर शब्द न् शब्द कळतोय.”

“अहो, जरा डोळे मिटून ऐका,” ही म्हणाली. “मधल्यावर किती स्वच्छ आहे ते.”

मिटले. दोन्हींवर नुसती गुणगुण.

बमरोलीच्या लूम कारखान्यात, यंत्रमागांच्या शेजारी बसून, मी वर्षानुवर्षं कारकुनी केली. तिथल्या खडखडाटात सगळेच एकमेकांचे ओठ वाचतात.

स्पीकर घेतला नाही. हिचं बोलणं मला ऐकू येतं की नुसतं दिसतं, हे आता खात्रीने सांगता येत नाही. त्याचीच भीती वाटते.